कापडी फुलांची वेणी

जेल रोड, नाशिकरोड
१० फेब्रुवारी २०२५

शुभांगी,

रविवार, दिनांक ९ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. मखमलाबादच्या आपल्या घराचा ओटा. वेळेबद्दल वाद नको. भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोर होतं, आणि आमचे बंधुराज भारत ते पाच मिनिटं पुढे ठेवतात, ती मी वजा केली आहेत.

त्या वेळी मी सृष्टीच्या साखरपुड्याची वेणी गुंफत होते. पांढरी शेवंती, आपल्या मळ्यातली, सकाळी मी स्वतः खुडलेली. आपल्या घरात मुलीच्या साखरपुड्याची वेणी आणि लग्नातल्या मुंडावळ्या आत्याच्या हातच्या असतात. माझ्या आत्याने माझ्यासाठी सुईत दोरा ओवून ठेवला होता, तो तसाच राहिला, ती गोष्ट वेगळी. सृष्टीच्या बारशाला तिचं नाव तिच्या कानात मी सांगितलं आहे. वेणी गुंफायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

तू आलीस, माझ्या पुढचं ताट उचललंस, आणि सृष्टीच्या होणाऱ्या सासूबाई मालनबाई समोर बसलेल्या असताना म्हणालीस, "राहू द्या ताई, तुम्हाला ॲलर्जी आहे ना. आतल्या खोलीत बसा, पंखा आहे तिथे." वर माझ्या खांद्यावर तुझी लोकरी शाल टाकलीस. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पुढचा सगळा साखरपुडा मी गव्हाच्या कोठीशेजारी बसून ऐकला. पेढे तेवढे आत पोचले.

दुपारी हात धुवायला मागे गेले, तर माझी वेणी हौदापाशी बादलीत पडलेली आणि तिच्यावर पाटी उपडी. आणि मुलीच्या डोक्यात काय? गुलाबी कापडाची वेणी, मागे इलॅस्टिक. चार पिढ्या फुलं पिकवणाऱ्या घराने रविवार कारंजावरून कापडाची फुलं विकत आणली.

मला ॲलर्जी नाही. मला चौतीस वर्षं सोरायसिस आहे. ॲलर्जी हा शब्द मीच वापरत आले, तो आज मागे घेते. निवृत्त झाल्यावर मी अर्ध्या बाह्या घालायला लागले, कारण उरलेली वर्षं उकडत काढायची नाहीत. माझ्या कोपरावरचे पापुद्रे शेवंतीला लागत नाहीत, मालनबाईंना लागत नाहीत, आणि तुझ्या मुलीला तर नाहीच नाही.

प्रेसमध्ये एकोणचाळीस वर्षं मी पोस्टाच्या तिकिटांचे ताव तपासले. डाग असलेला ताव बाजूला काढायचा, हे काम मला येतं. काल मला कोणी बाजूला काढलं आणि कशासाठी, हे मला कागदावर हवं आहे. फोन मी बंद ठेवला आहे. फोनवर तू रडतेस, मी बोलते, आणि नंतर दोघींना वेगवेगळं आठवतं. कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर बर्नाडेट सांगायच्या, तक्रारीत आधी तारीख, मग वेळ, आणि विशेषणं उरली तर शेवटी. मी एकही वापरलेलं नाही, हे लक्षात घे.

सोमवार, १७ फेब्रुवारीला संध्याकाळी पाचपर्यंत लेखी उत्तर यावं.

साधना


मखमलाबाद
१५ फेब्रुवारी २०२५

ती. ताईंना सा. न.

तुमचं रजिस्टर पत्र पोस्टमनने भर अंगणात सही घेऊन दिलं. शेजारच्या वत्सलाबाई विचारत होत्या, कोर्टाचं काही आलंय का. मी म्हटलं, तसंच समजा.

मी तुमच्यासारखं लिहू शकत नाही. मला मुद्दे घालता येत नाहीत. पण खोटंही बोलणार नाही. शाल टाकली कारण तुमचे कोपर दिसत होते आणि मालनबाईंची नजर दोनदा तिकडे गेली. मला माहीत आहे की ते लागट नाही. सत्तावीस वर्षं तुमच्या हातची भाकरी खाल्ली, मला काय झालं? पण मला माहीत असून काय उपयोग, त्यांना माहीत नाही. ओझरच्या कारखान्यात कायम नोकरी असलेला ओमसारखा मुलगा, घरचं बरं, माणसं साधी. अशा वेळी मुलीच्या आईने कशाकशाला उत्तरं देत बसायचं?

वेणी मी फेकली नाही. सुकू नये म्हणून पाण्यात ठेवली होती. कापडी वेणी सृष्टीला हवी होती. हल्ली मुली तीच घालतात, फोटोत बरी दिसते, कानामागचं सगळं नीट झाकलं जातं. खऱ्या फुलांनी तिचं डोकं खाजतं.

लग्न ४ मेला आहे. तोवर तुम्ही आणि मी शहाण्यासारखं वागू. तुम्हाला पूर्ण बाह्यांची दोन झंपरं मी शिवून देते, मऊ सुती, टोचणार नाहीत असं कापड बघते. माप आहे माझ्याकडे. तेवढं माझ्यासाठी करा.

पत्र सृष्टीजवळ टाकायला देते आहे. तिच्या कानावर यातलं काही नाही, आणि घालूही नका.

तुमची,
शुभांगी


जेल रोड, नाशिकरोड
२० फेब्रुवारी २०२५, दुपारी चार

शुभांगी,

पाण्यात ठेवलेल्या वेणीवर पाटी उपडी घालतात, हे मला नवीन आहे. तेवढी एक गोष्ट तुझ्या पत्रामुळे शिकले असं धरू. झंपरं शिवू नकोस.

आता दुसरं. तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं, आणि तिसऱ्या वेळी माझा स्वतःचा राग बाजूला ठेवून वाचलं. आमच्याकडे ताव आडवा धरून काही दिसत नसे, तो उजेडासमोर धरावा लागे. "कानामागचं सगळं झाकलं जातं." कानामागे झाकण्यासारखं काय आहे? मग अंगठीच्या वेळी उठून आतल्या खोलीच्या खिडकीतून पाहिलेली सृष्टी आठवून पाहिली. जाळीच्या कापडाला आतून अस्तर लावलेल्या पूर्ण बाह्या. कपाळावर ओढून बसवलेली बट. अंगठी घालताना तिने उजव्या हाताचा अंगठा मुठीत ठेवला होता. नखांवर इतका जाड रंग, की खाली खड्डे असल्याशिवाय कोणी लावत नाही. माझ्याही नखांना खड्डे आहेत, शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानासारखे.

मला वाटलं होतं, माझे हात नकोत म्हणून वेणी काढलीस. तसं नाही. खरी वेणी माळायची तर आकडे लावायला केस वर घ्यावे लागतात, आणि केस वर घेतले की मान दिसते. शाल माझ्या अंगावर टाकलीस ती माझ्यासाठी नव्हे. आत्याच्या कोपरावर जे दिसतं ते भाचीच्या डोक्यात असेल का, हा प्रश्न मालनबाईंना पडू नये म्हणून टाकलीस.

शुभांगी, हा आजार काय आहे हे तुला कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही, म्हणून सांगते. कातडीचा वरचा थर सगळ्यांचाच बदलतो, साधारण महिन्याभरात. आमच्यात तो चार-पाच दिवसांत बदलतो. शरीराची राखण करणारी यंत्रणा उगाच घाई करते. जुने ताव उचलले जाण्याआधी नवे छापून येतात आणि गठ्ठा साठत जातो. तो गठ्ठा म्हणजे हे पांढरे पापुद्रे. अस्वच्छपणामुळे होत नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने होत नाही. पापामुळे तर नाहीच, नाहीतर अर्धं नाशिक खाजवत बसलं असतं. घराण्यात असला तर होण्याची शक्यता वाढते, ठरलेलं नसतं. आपल्या आईला होता. ती त्याला जन्मभर कोंडा म्हणाली आणि डोक्यावरचा पदर कधी पडू दिला नाही. तो मुळापासून जात नाही, पण औषधांनी आटोक्यात राहतो, रक्तदाब राहतो तसा. काळजी वाढली की वाढतो, घसा दुखून गेल्यावर वाढतो, खरचटलं तर तिथे उमटतो. सांध्यांतही उतरू शकतो. म्हणून तो अंगठा मला आवडलेला नाही. हिला कातडीच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं. माझ्या डॉक्टर संजना आहेत, मी वेळ घेऊन ठेवते.

आणि एक. तुझा स्वभाव मी ओळखते. कुठल्या बाबाकडून, पुडीवाल्याकडून, औषधाच्या दुकानातल्या कोणाकडून काही आणून त्या मुलीला देत असशील, तर हे पत्र वाचल्याबरोबर उठायचं आणि सगळं कालव्यात टाकायचं. एकही पुडी तिच्या पोटात जाता कामा नये. उद्या नाही, आज.

लेखी उत्तर २७ तारखेपर्यंत.

साधना


मखमलाबाद
२५ फेब्रुवारी २०२५

ती. ताईंना सा. न.

माझ्या मुलीला काहीही झालेलं नाही. तिचं अंग आरशासारखं आहे. हवं तर येऊन बघा, पण येऊ नका, घरात लग्नाची कामं आहेत.

तुम्ही लग्न केलं नाहीत, मूल नाही, म्हणून तुम्हाला उजेडासमोर धरून बघणं सोपं जातं. मला ती मुलगी एका घरातून दुसऱ्या घरात सुखरूप पोचवायची आहे. तिथे गेल्यावर काय व्हायचं ते होवो, तोवर तिच्या वाटेला जाऊ नका. वर्षानुवर्षं तुम्हीच आम्हाला सांगितलंत की ॲलर्जी आहे, कोणाला बोलू नका. आम्ही नाही बोललो. आता तुम्हाला बोलावंसं वाटतंय म्हणून आम्हीही बोलायचं का?

पत्रिका पोस्टाने येईल. तोवर पत्र पाठवू नये.

शुभांगी


मखमलाबाद
५ मार्च २०२५

प्रिय आत्या,

आईला सांगू नकोस. तुझं वीस तारखेचं पत्र पोस्टमनकडून मीच घेतलं. आईला देण्याआधी उघडून वाचलं आणि गोंद लावून परत चिकटवलं. तुला राग येईल, पण ते पत्र माझ्याबद्दल होतं.

तू ओळखलंस ते खरं आहे. तीन वर्षं झाली. आधी डोक्यात, मग कानामागे, मग गुडघे, मग पाठ. आई दुकानातून मलमाच्या ट्यूब आणायची. लावलं की जायचं, सोडलं की दुप्पट यायचं. मग लग्न जमलं आणि कोणीतरी सांगितलं की सिन्नरच्या रस्त्याला एक जण पांढऱ्या पुड्या देतो, नाव न लिहिलेल्या. डिसेंबरपासून रोज एक घेत होते. आत्या, आठ दिवसांत अंग कोरं झालं. फक्त डोक्यातलं आणि मानेवरचं थोडं राहिलं होतं. तोंड जरा सुजल्यासारखं झालं, तर वत्सलामावशी म्हणाल्या, लग्नाचं तेज आलं. आई देवाला नारळ देऊन आली.

तुझं पत्र २२ तारखेला आलं. त्याच दुपारी मी सगळ्या पुड्या कालव्यात टाकल्या. एकोणतीस होत्या. आईला कळू नये म्हणून आधीच्या पुड्यांच्या रिकाम्या कागदांत पिठीसाखर बांधून ठेवली आहे. रोज जेवल्यावर तिच्यासमोर एक घेते. ती हात जोडते.

पहिले पाच-सहा दिवस काही झालं नाही. मला वाटलं, सुटले. मग पाठीवर सुरू झालं. आता पाठ, पोट, मांड्या वेगवेगळ्या राहिल्याच नाहीत, सगळं एकच लाल झालं आहे. अंगावर पाणी घेतलं की रडायला येतं. दुपारी उन्हात बसले तरी थंडी वाजते. कालपासून पोटावर बारीक पिवळे फोड आले आहेत, मोहरीएवढे. सकाळी अंगठा वळत नाही, पेन दोन बोटांत धरून लिहिते आहे. आई म्हणते पुडीची उष्णता बाहेर पडते आहे, चांगलं लक्षण आहे. ती सब्जाचं पाणी देते.

तू म्हणालीस म्हणून टाकल्या. बरोबर केलं ना? हे असंच होतं का आधी, मग बरं होतं? तुला कधी असं झालं होतं का? ओमचा रोज फोन येतो, मी कॅमेरा बंद करून बोलते. तो म्हणतो, चेहरा का दाखवत नाहीस, भांडलीस का माझ्याशी.

तुझी,
सृष्टी


शुक्रवार, ७ मार्च २०२५
सकाळी सव्वाअकरा

शुभांगी,

ही चिठ्ठी दाराच्या कडीत लावते आहे. तू आणि भारत फुलं घेऊन बाजारात गेला आहात, वाट पाहायला वेळ नाही. सृष्टीला एकशे दोन ताप आहे, अंगभर फोड आहेत. मी तिला रिक्षाने घेऊन निघाले आहे. दवाखान्याचं नाव आणि पत्ता मागे लिहिला आहे, डॉक्टर संजना तिथे थांबल्या आहेत. पुडीचा एखादा कागद घरात असेल तर घेऊन ये. साखरेचा नाही, खरा. साखरेचं काय ते हिला विचारलंस की समजेल, पण तू येतानाच शोधून आण.

भांडण नंतर.

साधना


मखमलाबाद
२ एप्रिल २०२५

ती. ताईंना सा. न.

सृष्टीला घरी आणून पंधरा दिवस झाले. ताप नाही. फोड सुकले, पायांवर अजून लाली आहे, सालं निघतात. दिवसातून तीन वेळा मलम लावते, मीच लावते. सुरुवातीला ती डोळे मिटून घ्यायची. आता बोलते.

डॉक्टरांनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की पुडीत बहुतेक स्टिरॉइड असणार. ते पोटातून अचानक बंद झालं की हा आजार असा उसळतो, जिवावरही बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायला हवं होतं. मी पुड्या दिल्या. ते माझंच. रोज सकाळी उठले की पहिलं तेच आठवतं. देवापुढे हात जोडत होते ती पिठीसाखर होती, हे आठवलं की हसू येतं आणि मी देवापुढून उठते.

पण ताई, एक मला विचारायचं आहे, आणि समोर विचारलं तर तुम्ही मला गप्प कराल, म्हणून तुमच्याच पद्धतीने लिहून विचारते. सृष्टीच्या खाटेशेजारी उभं राहून तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, "माझंही एक्याण्णव साली असंच झालं होतं. पुडी एकदम सोडली आणि अकरा दिवस दवाखान्यात होते." मी दाराशी उभी होते, ऐकलं. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. एकदम सोडली की काय होतं हे अख्ख्या घरात फक्त तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही लिहिलंत, कालव्यात टाका, उद्या नाही, आज. का लिहिलंत? आणि हे का नाही लिहिलंत?

मी शाल टाकली त्याची तुम्ही तारीख घातलीत, वेळ घातलीत, घड्याळाची पाच मिनिटंसुद्धा वजा केलीत. याची तारीख-वेळ कोण घालणार?

आता पुढचं. यांनी ओझरला सांगितलंय की मुलीला टायफॉईड झाला होता. मालनबाईंनी डाळिंबं पाठवली. डॉक्टर म्हणतात, पुढचं औषध ठरवण्याआधी लग्न कधी, मूल कधी हवं हे कळायला हवं, कारण काही गोळ्या मूल हवं असेल तर कितीतरी आधी बंद कराव्या लागतात, आणि काही घ्यायच्याच नसतात. सृष्टी त्यांच्यासमोर म्हणाली, "हे मी एकटीने कसं ठरवू? ज्याच्याशी लग्न आहे त्याला ठाऊकच नाही." तेव्हापासून तिने एकच धरलंय, ओमला लग्नाआधी सांगायचं. हे नाही म्हणतात. सांगितलं आणि मोडलं तर? पत्रिका छापून आल्या आहेत. गावात सगळे विचारतील, का मोडलं. आणि नाही सांगितलं, तर ही मुलगी जन्मभर अस्तराच्या बाह्या घालून कॅमेरा बंद करत बसेल.

तुम्ही सांगा. मला खरंच कळत नाही.

तुमची,
शुभांगी


जेल रोड, नाशिकरोड
५ एप्रिल २०२५

चि. सौ. शुभांगीस अनेक आशीर्वाद.

गुरुवार, दिनांक २० फेब्रुवारी २०२५, दुपारी चार वाजता. माझं घर, खिडकीजवळचं टेबल. त्या वेळी मी तुला एक पत्र लिहिलं आणि त्यात एक ओळ मुद्दाम गाळली. चूक माझी आहे. घड्याळ बरोबर होतं.

का गाळली ते सांगते. लिहिताना ते मला आठवत होतं. एक्याण्णव साली मी तीस वर्षांची होते. प्रेसमध्ये एक गृहस्थ होते, दोन टेबलं सोडून बसायचे. त्यांनी मला लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, महिन्याने सांगते. त्या महिन्यात मला अंग कोरं करायचं होतं, म्हणून पुड्या आणल्या. पंधरवड्यात हात असे झाले की मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर बाही वर केली. मग एका शहाण्या मैत्रिणीने सांगितलं की पुड्या वाईट असतात, आणि मी एका दिवसात सोडल्या. पुढचं तू सृष्टीच्या अंगावर पाहिलंस. अकरा दिवस मी दवाखान्यात होते. भारत रोज सायकलवर डबा घेऊन यायचा, चोवीस वर्षांचा होता. मी त्याला सांगितलं, कोणी विचारलं तर टायफॉईड सांग. त्याने आईला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, प्रेसमध्ये येऊन त्या गृहस्थांनाही सांगितलं. ते मोसंबी घेऊन भेटायला आले होते. मी नर्सला म्हटलं, झोपले आहे म्हणून सांगा.

बाहेर आल्यावर मी त्यांना नाही म्हटलं. कारण दिलं नाही. ते तीन वर्षं थांबले, मग त्यांनी लग्न केलं. हे सांगितलं असतं तर ते हो म्हणाले असते की नाही, मला माहीत नाही. मला ते कधीच कळणार नाही, आणि त्याला मीच जबाबदार आहे. म्हणून भारतने ओझरला टायफॉईड सांगितला, त्यात त्याला दोष देऊ नकोस. तो शब्द त्याला मी शिकवला. तुम्ही सगळे झाकायला शिकलात ते माझ्याकडूनच. मी मात्र निवृत्त झाल्यावर अर्ध्या बाह्यांचं झंपर घालून आले आणि तुमच्यावर रागावले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. "एकदम सोडू नका, मला असं झालं होतं" एवढी एक ओळ लिहिली असती, तर तू विचारलं असतंस, कधी झालं होतं? मग एक्याण्णव साल सांगावं लागलं असतं. ते टाळण्यासाठी मी फक्त हुकूम लिहिला. हुकूम लिहिणं मला सोपं जातं. सृष्टीने तो पाळला. तिची मी दवाखान्यात माफी मागितली आहे, तुझी या कागदावर मागते. हा कागद जपून ठेव. मी पुढे कधी शहाणपणा करायला लागले तर मला वाचून दाखव.

आता तू विचारलंस ते. मी सांगणार नाही. गेल्या वेळी सांगितलं त्याचं काय झालं ते आपण पाहिलं. सांगायचं की नाही हे सृष्टीने ठरवलेलं आहे, तू आणि भारत फक्त आडवे येऊ नका. तिच्याबरोबर कोणी हवं असेल तर मी बसेन, अर्ध्या बाह्यांत, ओमच्या अगदी समोर. म्हणजे त्याला चौसष्टाव्या वर्षी हा आजार कसा दिसतो तेही एकदा पाहून घेता येईल. त्याने काही विचारलं तर डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जावं. त्या शनिवारी सकाळी बसतात. तो नाही म्हणाला, तर ते तुला मेच्या आधी कळेल, नंतर नाही. आणि मग गावाने विचारलं तर माझ्याकडे पाठवून दे. माझं तोंड त्या कामासाठी बरं आहे.

तुझी शाल माझ्याकडे आहे. त्या दिवशी रागात पिशवीत भरून आणली होती. धुऊन ठेवली आहे, स्वतः येऊन घेऊन जा. चहा मिळेल.

मुंडावळ्यांचं ठरवायला हवं. मोगरा एप्रिलअखेर भरात येईल, बांधावरच्या दोन ओळी माझ्यासाठी राखून ठेवायला भारतला सांग. सृष्टीची कातडी नुकती सावरते आहे, तिथे घासलं तर पुन्हा उमटेल, म्हणून मी तार वापरणार नाही, मऊ सुती दोऱ्यात ओवीन आणि कपाळावर सैल बसेल इतपतच बांधीन. माझ्या उघड्या हातांनी.

पण त्या हव्यात की नकोत, हे मला तुझ्याकडून नको. सृष्टीने स्वतःच्या अक्षरात लिहावं. दोन ओळी पुरेत. आमच्याकडे प्रेसमध्ये तपासलेल्या गठ्ठ्यावर एकीची सही कधी चालली नाही, दुसऱ्या माणसानेही तो पाहून खाली सही करायची. तसंच हे. सृष्टीच्या सहीखाली ओमची सही असावी. त्याने सगळं पाहिलं, एवढंच मी त्यातून समजेन. तो काय म्हणाला हे लिहायची गरज नाही. सही करायला तो नाही म्हणाला, तर सृष्टीची एकटीची सही असलेला कागद पाठव, मी तो घेऊन त्याच दिवशी तुमच्याकडे राहायला येते.

लेखी उत्तर शनिवार, १२ एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात हवं. फोन आजपासून चालू केला आहे, पण या कामासाठी तो चालणार नाही.

साधना